आज बदल नाही

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ही वही माझ्या भाचीनं, यादिरानं आणून दिली. म्हणाली, "मावशी, कुठं काय दाखवलंस, काय सांगितलंस ते लिहीत जा. पुढच्या वेळी गोंधळ नको." मी शाळेत तिसरीपर्यंत गेले. पुढचं वाचन पाव गुंडाळायच्या रद्दीवर झालं. तेव्हा अक्षर येईल तसं येईल, वाचणार तरी कोण आहे.

मृतांच्या दिवसांची गर्दी ओसरली, तरी आमच्या पात्स्कुआरोत बाहेरची माणसं येतच असतात. कॅमेरे गळ्यात घालून चौकात उभी राहतात आणि चुकीच्या गाडीवर चुकीचं खातात. यादिरानं फोनवर माझा फोटो टाकला आणि वर लिहिलं, "दोन्या ओतिलियाबरोबर चवीची फेरी". नावापुढं दोन्या लावलं की बाई मानाची होते. दोन तास मी पुढं चालायचं आणि बोलायचं. मी एकोणसत्तर वर्षांची आहे. माझा नवरा, आबुंदियो, जाऊन सहा वर्षं झाली. घरात बोलायला फक्त माझी पावाची भट्टी, आणि तिलाही तडा गेलाय. म्हटलं, बघू बोलून. यादिरा म्हणते मी ओरडते. माझा डावा कान गेल्यापासून मला वाटतं की सगळं जगच बहिरं झालंय, त्याला मी काय करू.

पहिली चार माणसं मोंतेरे शहराची. मोठ्या चर्चमधली आरोग्यमाऊलीची मूर्ती दाखवली, मक्याच्या ताटांच्या लगद्याची आहे हे सांगितलं, तर एकानं विचारलं, "उंदीर लागत नाहीत?" अकरा अंगणांच्या घरात अंगणं मोजली आणि पाचच भरली म्हणून तक्रार केली. सहा अंगणं मी घरी नेली नाहीत, असं म्हणावंसं वाटलं. शेवटी छोट्या चौकातल्या बदलाच्या बाजारात नेलं. मंगळवार-शुक्रवारी तळ्याकाठच्या गावांतून बायका येतात, मासळी, भोपळे, मडकी, सरपण घेऊन. तिथं पैसा चालत नाही, वस्तूला वस्तू. मी माझी पावाची टोपली नेली होतीच.

नासारिया नेहमीच्या जागी, कोरुंदांची परात पुढ्यात. मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेले मक्याच्या पिठाचे गोळे, पानातून वाफ निघत होती. मला बघून म्हणाली, "कोमाद्रे, ही कसली वरात घेऊन आलीस?"

"माझे पाहुणे."

"मग उभे का? बसव की त्यांना."

आठ पावांना आठ कोरुंदा, वर नेहमीची एक. शिवाय पाहुण्यांना एकेक तशीच दिली. एक्केचाळीस वर्षं आम्ही असं बदलतोय. तिच्या लेकीला, इरेरीला, बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातांत धरलं होतं, तेव्हापासून मी पोरीची माद्रिना, धर्माची आई, आणि नासारिया न् मी एकमेकींच्या कोमाद्रे. सख्खी बहीण असती तरी इतकी जवळ आली नसती.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज सहा जण, सगळे राजधानीचे. डुकराचं मांस तळून विकणाऱ्या फुल्हेन्सियोच्या कढईपाशी एका बाईनं मांसाच्या प्रत्येक तुकड्याकडं बोट दाखवून विचारलं, हा कुठला भाग, तो कुठला भाग. फुल्हेन्सियो मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "दोन्या ओतिलिया, बाईंना सांगा, कापताना डुकरानं नाव सांगितलं नाही." मी त्यांना पुढं ढकललं.

बदलाच्या बाजारात ती बाई जांभया द्यायला लागली. तिला आता फक्त जमिनीवर बसलेल्या म्हाताऱ्या दिसत होत्या. मला राग आला. या बायका कोण आहेत हे तिला कळलं पाहिजे. म्हणून सगळ्यांना जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात नासारियाची गोष्ट सांगितली. बावीस वर्षांपूर्वी तिचा नवरा, एवोदियो, कामासाठी सीमेपलीकडं, उत्तरेला गेला. दोन वर्षांनी त्याचं पत्र आलं, माझ्या पत्त्यावर, कारण नासारियाला वाचता येत नाही. भट्टीपाशी उभं राहून मीच वाचून दाखवलं. त्यानं तिकडं दुसरं घर केलं होतं, दोन मुलं झाली होती, वाट बघू नकोस असं लिहिलं होतं. नासारियानं पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि भट्टीत टाकलं. त्या नोव्हेंबरपासून ती त्याचा फोटो मृतांच्या वेदीवर मांडते. झेंडूची फुलं, मेणबत्ती, त्याच्या आवडीची मासळी. जिवंत माणसासाठी.

त्या बाईचे डोळे भरून आले. तिनं नासारियाचा फोटो काढला, परातीसकट. नासारिया कोरुंदा हलवत बसली होती, वर बघितलंही नाही. तिला गर्दीची सवय नाही.

यादिरा सांगत होती, त्या बाईनं फोनवर फार सुंदर लिहिलंय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नऊ जण. पाहुण्यांना गोड आवडतं म्हणून मी आता पावात बडीशेप आणि साखर घालते. यादिरानं जाहिरातीत नवीन ओळ घातली आहे, "जिवंत नवऱ्यासाठी मेणबत्ती लावणाऱ्या बाईला भेटा". मला ते थोडं जास्त वाटलं, पण ती शिकलेली आहे. लोक आल्या आल्या विचारतात, कुठं आहे ती? मग सांगावंच लागतं.

नासारिया म्हणाली, "मार्चांता, लवकर बदल. मागं बायका खोळंबल्यात."

मार्चांता काय, बाजारात सगळ्याच सगळ्यांना म्हणतात, घेणारी विकणारीला आणि विकणारी घेणारीला. मी मनात हसले. कामाच्या वेळी काम, हे तिचं खरंच आहे. आठाला आठ दिल्या. वरची एक गडबडीत विसरली.

शेजारची पेत्रा, पाला विकणारी, माझ्याकडं बघत नासारियाच्या कानाला लागली. तळ्याकाठची त्यांची भाषा मला अर्धीच कळते. "मेणबत्ती" एवढं कळलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज नासारियानं पाहुण्यांसमोर मला मान दिला. म्हणाली, "सेन्योरा, तुमचे पाहुणे माझ्या उजेडात उभे आहेत." एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा सेन्योरा म्हणाली, आणि तुम्ही. मला बरं वाटलं. चार लोकांत कसं बोलायचं ते तिला कळतं.

पुढं मात्र लाज गेली. एका उंच गोऱ्या गृहस्थानं गोष्ट ऐकून खिशातून नोट काढली आणि नासारियाच्या ओंजळीत कोंबली. नासारियानं हात उघडा केला. नोट खाली पडली. वाऱ्यानं ती मडक्यांपर्यंत गेली, मग सरपणापर्यंत. रांगेतल्या एकाही बाईनं ती उचलली नाही. एकेकीनं आपापल्या परातीवर, टोपलीवर फडकी ओढली, जणू पाऊस येणार होता. आभाळ स्वच्छ होतं.

तो गृहस्थ गोंधळला. मी त्याला म्हटलं, "मनावर घेऊ नका, साधी माणसं आहेत, त्यांना समजत नाही." उजव्या कानानं मला पेत्राचं हसणं ऐकू आलं. चांगलं हसणं नव्हतं.

नोट शेवटी त्यानंच वाकून उचलली. मला त्याची कीव आली. बदलाच्या बाजारात पैसा काढणं म्हणजे जेवायला बसलेल्याला भीक घालणं, हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं. ती चूक माझी.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पावाची टोपली भरलेली परत आणली.

मी नेहमीसारखं वाकून विचारलं, "बदलतेस?" नासारिया म्हणाली, "आज बदल नाही." परात भरलेली होती. पेत्राकडं गेले. "आज बदल नाही." मासळीवाली, मडकीवाली, सगळ्यांचं एकच. मी रांगेच्या टोकापर्यंत गेले आणि तशीच परत आले, मागं माझे आठ पाहुणे. एकानं विचारलं, आज सुट्टी आहे का. मडकीवालीनं माझ्या पायापाशी पाणी ओतलं, मडकं धुवायच्या निमित्तानं. माझे बूट भिजले.

परत येताना फुल्हेन्सियो कढईमागून म्हणाला, "दोन्या ओतिलिया, एवढा पाव कुणाला? पोपट पाळलाय?"

"तुझी जीभ पाळलीय," मी म्हटलं.

"माझी जीभ घरात असते. तुमची चौकात फिरते, तिकीट लावून."

त्याला काय म्हणायचं होतं कळलं नाही. यादिरा म्हणते हा शुद्ध मत्सर आहे. माझ्याकडं माणसं येतात, त्यांच्याकडं येत नाहीत. मलाही तसंच वाटतं. एक्केचाळीस वर्षं मी त्यांना बारीक पाव कधी दिला नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज बदल नाही.

यादिरा नगरपालिकेत अर्ज करायचं म्हणते, फेरीसाठी बाजारात ठरावीक जागा द्या म्हणून. मी म्हटलं, कर. रागात म्हटलं. घरी येऊन कडक झालेला पाव दुधात बुडवून खाल्ला, आणि बडीशेप दातात अडकली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

दुपारी इरेरी आली. तिला बघून माझा जीव सुपाएवढा झाला. सत्तावीस वर्षांची, शाळेत शिकवते, उभी राहिली की बापाचा खांदा दिसतो. मी खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

म्हणाली, "माद्रिना, एकच विचारायचंय. माझे वडील जिवंत आहेत?"

मी म्हटलं, "कोण म्हणालं?"

"सायकल दुरुस्तीवाला. चाकात हवा भरता भरता म्हणाला, तुझ्या बापाची गोष्ट फार चालतेय म्हणे चौकात. आईला विचारलं. ती म्हणाली, सेन्योरा ओतिलियाला विचार, तिला वाचता येतं."

मी भट्टीकडं बघत राहिले. मला वाटत होतं पोरीला माहीत आहे. मला वाटत होतं तिच्या आईनं कधीतरी, मोठी झाल्यावर, सांगितलं असेल. खरं म्हणजे मला काहीच वाटत नव्हतं, मी त्याचा विचारच केला नव्हता. मी म्हटलं, "त्या वेळी होता. पत्र आलं होतं. पुढचं माहीत नाही."

"वीस वर्षं मी त्यांच्या फोटोपुढं रडले," इरेरी म्हणाली. "सगळं गाव आमच्या वेदीपाशी येऊन बसायचं. मासळी घेऊन यायचं. आता म्हणतात, नासारियानं आम्हाला जिवंत माणसाच्या मयताचं जेवण घातलं. कुणी बोलत नाही तिच्याशी तिकडं. इथल्या रांगेतल्या बायका तेवढ्या बोलतात."

"पण मी तर हळू सांगत होते," मी म्हटलं.

इरेरी हसली, तिच्या आईसारखी, तोंड न उघडता. "माद्रिना, तुम्ही हळू बोलता तेव्हा चर्चमधली कबुतरं उडतात." मग म्हणाली, "मला कधी सांगितलं नाहीत. जांभया देणाऱ्या बाईला सांगितलंत."

ती गेली. खुर्ची तशीच दारात आहे. उचलवत नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

वही मागं उलटून वाचली. कोमाद्रे. मार्चांता. सेन्योरा. मी स्वतःच्या हातानं एकाखाली एक लिहिलंय आणि मला दिसलं नाही. सेन्योरा म्हणाली म्हणून बरं वाटलं असंही लिहिलंय. ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. माझ्यासारखीनं आपलं अक्षर फाडू नये, मोठ्या कष्टानं आलंय.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

फेरीला गेले नाही, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. नासारियाकडं जायला निघाले, तळ्यापलीकडच्या बसमध्ये बसले आणि बस सुटायच्या आत उतरले. जाऊन काय म्हणणार? चुकले म्हणणार. चुकले म्हटल्यानं गावाच्या कानातलं बाहेर निघत नाही. उलट गाव म्हणेल, बघा, म्हातारी माफी मागायला आली, म्हणजे खरंच होतं.

तिथंच अडकतंय सगळं.

मंगळवार, २ डिसेंबर

यादिरानं विचारलं, शुक्रवारी अकरा जण आहेत, घेऊ ना? मी म्हटलं, घे. ती खूश झाली. मी तिला सगळं सांगितलं नाही. त्या अर्जाचं काय झालं विचारलं, तर तो अजून तिच्या पर्समध्येच होता. मागून घेतला आणि भट्टीत टाकला. "मावशी, तुझं डोकं फिरलंय का?" म्हणाली.

शुक्रवार, ५ डिसेंबर

अकरा पाहुण्यांना घेऊन गेले. आज कुठंच थांबले नाही, चर्च नाही, कढई नाही, सरळ बदलाच्या बाजारात. एकजण कुरकुरत होता की भूक लागली. नासारिया होती, पेत्रा होती, सगळी रांग होती. तळ्यापलीकडच्या नासारियाच्या गावच्या बायकाही होत्या, जरा लांब बसलेल्या, पाठ करून.

मी रांगेच्या मधोमध उभी राहिले आणि मला जमेल तेवढं ओरडले. पहिल्यांदाच मुद्दाम.

म्हटलं, "तुम्ही जी गोष्ट वाचून आलात, ती खोटी आहे. मी रचली. एवोदियो बावीस वर्षांपूर्वी गेला आणि दोन वर्षांनी तिकडंच बर्फात मेला. त्याच्याबरोबर काम करणाऱ्यानं कळवलं. ते पत्र मी वाचलं, या माझ्या डोळ्यांनी. दुसरं घर नाही, मुलं नाहीत, काही नाही. फेरीला माणसं यावीत म्हणून मी मेलेल्या माणसाला जिवंत केलं."

लांबच्या पाठी वळल्या.

पेत्रानं पाल्याची जुडी खाली ठेवली. "म्हणजे तुम्ही खोटं बोललात?"

"हो."

"मेलेल्याबद्दल?"

"हो."

"त्याच्या बायकोच्या तोंडावर?"

"हो."

पेत्रा माझ्या बुटाशेजारी थुंकली. नासारियाच्या गावच्या एका म्हातारीनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं, ते मला पूर्ण कळलं. लिहिणार नाही. पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, आम्ही हे बघायला एवढ्या लांबून आलो? दुसरा फोनवर तिथंच लिहायला लागला, अंगठ्यानं, भराभर.

मी नासारियाकडं बघितलं. ती कोरुंदा हलवत होती. एक पान सुटलं होतं, ते तिनं पुन्हा गुंडाळलं, फार वेळ लावून.

मी "बदलतेस?" विचारलं नाही. टोपली नेलीच नव्हती.

रविवार, ७ डिसेंबर

यादिरा येऊन गेली. फोनवर लोकांनी लिहिलंय की ही म्हातारी भामटी आहे. "माझं नाव त्यावर होतं, मावशी," म्हणाली. "कधी एकदा तरी मला विचारावंस." तिचंही बरोबर आहे. जाहिरात काढून टाकली. माझा फोटो चांगला आला होता त्यात.

सोमवार, ८ डिसेंबर

आरोग्यमाऊलीचा सण. चर्चपुढं माणूस माणसाला चिकटलेला. मक्याच्या गरम पेजेच्या गाडीवर बाकावर जागा होती, मी बसायला गेले तर दोघी सरकून पसरल्या. उभ्यानं प्यायले. जीभ भाजली.

फुल्हेन्सियो कढई सोडून आला होता, अंगात धुतलेला शर्ट. म्हणाला, "दोन्या ओतिलिया, ही माऊली मक्याच्या ताटांची, हेही तुम्हीच रचलंत का? नाही, विचारून ठेवलेलं बरं."

आजूबाजूचे हसले. मी म्हटलं, "हो. ती खरं तर तुझ्या डुकराच्या चरबीची आहे. म्हणून ऊन लागू देत नाहीत."

कुणी हसलं नाही. फुल्हेन्सियो जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "पण त्या एवोदियोनं माझ्या मेव्हण्याबरोबर काम केलं होतं तिकडं, त्या पत्रानंतरही." मी म्हटलं, "मग?" तो म्हणाला, "मग काही नाही. मेव्हणा पण खोटारडाच आहे." आणि माणसांत शिरला.

इरेरी लांबून दिसली, आईबरोबर. दोघींच्या बाजूला त्यांच्या गावच्या बायका चालत होत्या, मेणबत्त्या घेऊन. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. बघायला नकोच होतं.

मंगळवार, ९ डिसेंबर

पहाटे आठच पाव केले. पिठात हात होते तेव्हा सवयीनं बडीशेप पडली, काढता आली नाही.

बाजारात गेले. पेत्रानं फडकं ओढलं. मासळीवालीनं ओढलं. मडकीवाली म्हणाली, "आली खोटी." मी नासारियापुढं जाऊन पहिल्यांदाच उभी राहिले नाही, जमिनीवर बसले, गुडघे ओरडले तरी. टोपली पुढं सरकवली. "बदलतेस?" माझा आवाज मला ऐकू आला नाही, म्हणजे हळू असावा.

तिनं आधी परातीतलं एक पान सारखं केलं. मग एक पाव उचलला, दाबून बघितला, वास घेतला, खाली ठेवला. आणि माझ्या टोपलीत कोरुंदा टाकायला लागली. मोजून आठ. वरची एक नाही. माझे पाव परातीच्या कडेला रचले, फडक्याखाली नाही, उघडे.

पेत्रा तिला काहीतरी तोडून बोलली. नासारियानं शेवटचा पाव सरळ केला. मला म्हणाली, माझ्याकडं न बघता,

"मार्चांता, बडीशेप दातात अडकते. शुक्रवारी साधा आण."

हुकूमच केला, रांगेसमोर. झगा झाडून मी उठले, कुणी हात दिला नाही. चौकाच्या टोकाला पोहोचेपर्यंत मागून "खोटी, खोटी" चाललं होतं.

घरी येऊन दारातली खुर्ची आत घेतली. भट्टीच्या तड्याला माती लावली. शुक्रवारी बारा तारीख आहे. आणा नाही म्हणाली, आण म्हणाली.